तीन शेडचं अद्वैत

२६ सप्टेंबर

एका घोर अन्यायाची नोंद व्हावी. सुरतेत उधन्याच्या लोचोवाल्याने आज त्या वाफवलेल्या डाळीच्या लगद्यावर शेव जवळजवळ मोजून घातली! जाब विचारला तर म्हणतो, "काका, पेटनो तो विचार करो!" माझ्या पोटावर आता परकेही बोलू लागले.

बाकी किरकोळ. भिकनशेठच्या तीन कापड-शेड — उधना, भेस्तान, डिंडोली — आमच्या कंपनीच्या नेटवर्कने एका घरात असल्यासारख्या जोडायच्या. खंडेनवमीची पूजा झाली की डिंडोलीत काढलेलं डिझाइन थेट भेस्तानच्या नव्या मागांवर चढलं पाहिजे. नाही चढलं तर शेठ दुसरी कंपनी धरणार, आणि माझं वार्षिक कंत्राट... आमच्या कंपनीच्या साहेबांनी वाक्य पुरं केलं नाही. क्रियापद अध्याहृत!

२८ सप्टेंबर

बोगदे बांधले! म्हणजे एका शेडचा डेटा आमच्या पाकिटात घालून दुसरीकडे उघडायचा. मधला प्रवास कुणाला दिसत नाही. तिन्हीकडच्या यंत्रांना वाटतं, आपण एकाच खोलीत बसलोय. अद्वैत, दुसरं काय? 'संस्कृत शिकून तारा जोडतोय' म्हणणाऱ्या मेहुण्याने यावं बघायला.

२९ सप्टेंबर

छोटे निरोप पोचतात, डिझाइन अडकतं. शेठ फोनवर, त्यांच्या अहिराणीत, "तुमना बोगदामा डिझाइन कथं अटकनं भो?"

दुपारी सापडलं. आमचं वेष्टन चढलं की पाकीट फुगतं, आणि वाटेतल्या एका यंत्रावर मापाची मर्यादा जुनीच. वाढवली. डिझाइन सुळकन पार! मी खुर्चीसकट गोल फिरलो. हाताखालच्या दिपालीने पाहिलं. "सर, वय काय तुमचं?"

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

प्रलय! उधन्याला शेठने नारळ फोडला आणि तिन्ही शेडचं नेटवर्क ठप्प. तिकडे धावलो. स्विचला, म्हणजे शेडच्या सगळ्या वायरी जिथे जुळतात त्या डब्याला, झेंडूची माळ, हळद-कुंकू — आणि मागे एक वायर, दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये! एका यंत्राची हाक निघते, फिरून परत येते, पुन्हा निघते, दर फेरीला वाढते. घर एकच, म्हणून कल्लोळही तिन्हीकडे. अद्वैताचे तोटे.

शेठचा भाचा ललित वायरमन आहे. माळ सरळ करत म्हणाला, "मीच लाई टाकी ना भाऊ. पूजाना दिवस वायर लोंबती बरी दिसस का?"

टोक उपटलं. भेस्तानला डिझाइन चढलं, माग धडधडले! शेठने पेढा तोंडात कोंबला. मी म्हटलं, "ललितराव, लक्ष्मी आली होती, तुम्ही तिला दारातच गरगर फिरवलंत!" सगळे हसले. तोही हसला, जरा उशिरा.

२ ऑक्टोबर

दसरा. जेवताना उज्ज्वलाला ललितचा पराक्रम नकलेसकट सांगितला. बायको हसेल असं वाटलं होतं. तिचा वाढता हात थांबला.

"अहो, परवा तुम्हीच नाही का त्याला फोनवर सांगितलंत? इथेच, ताटावर बसून. लोंबती ठेवू नकोस, रिकाम्या जागी खोच म्हणून?"

शक्यच नाही! ललितला फोन लावला.

"तुम्हीच सांगेल व्हतं भाऊ. लोकेसमोर काय बोलनार?"

४ ऑक्टोबर

कंत्राट वर्षभर वाढलं. सही केली.

तो फोन मला आठवत नाही. अंधुकसाही नाही. चूक झाली त्याचं काही नाही. आठवत नाही, याची भीती वाटते. उज्ज्वलाला हे अजून सांगितलं नाही.