समोरच्या दाराशी बसलेले उंदीर

सूनबाई,

जेवण झाकून ठेवलंय. उरलेलं कचऱ्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यातच टाक. मी समोरच्या मामांच्या घराची किल्ली आणायला खाली रखवालदाराकडे चालले आहे.

सगळ्या मजल्यांनी कचऱ्याच्या पिशव्या सोडून झाकणाचे डबे घेतले, तेव्हापासून उंदीर दिसेनासे झाले होते. आज मात्र ते मामांच्या दाराशी ओळीने बसलेत. हुसकले तरी हलत नाहीत. मामांचा डबा कालपासून धुतलेला, रिकामाच बाहेर आहे. मग ते कशाची वाट बघताहेत?

मामांकडे आत कीर्तनाची टेप लावलेली होती. सकाळी मीही आपल्या दारातून टाळीचा ठेका धरला. मग लक्षात आलं, बुवा तेवढीच एक ओळ पुन्हा पुन्हा म्हणताहेत. "मामा, बुवांना पुढे जाऊ द्या की," अशी हाक मारली, तर ओ नाही.

हे लिहिता लिहिता कीर्तन थांबलं. आता त्यांच्या दारावर आतून ठकठक होतेय, पण अगदी खाली, जमिनीलगत. उंदीर अशी ठकठक करत नाहीत गं. मामा पडलेत, पण आहेत. देव त्यांना धीर देवो.

तू आधी आलीस तर काठी आपटत तिथेच उभी राहा, आणि मामांशी बोलत राहा. दाराशी माणूस आहे, हे त्यांना कळू दे.

आई