खिरणीचा खुंट आणि निळ्या डब्यातला प्रोसेसर

पाम, ता. पालघर

श्री. धर्मेशराव यांस,

तू बायकोचा भाऊ म्हणून नमस्कार, आणि वयाने धाकटा म्हणून आशीर्वादही. तुझी कंबर आता कशी आहे? सौ. दीपिकाला सांग, तिने पाठवलेलं तेल मी गुडघ्याला लावलं, फरक काही पडला नाही पण वास चांगला आहे. इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणजे मी सोडून सगळे खुशाल आहेत. फोन सोडून पत्र कशाला, असं तू म्हणशील. तुझी बहीण माझा फोन स्पीकरवर टाकून भाकऱ्या थापते आणि तो आवाज रूपलच्या खोलीपर्यंत जातो. मला जे सांगायचंय ते नेमकं तिच्याच कानावर जाता कामा नये.

तुझी भाची बोईसरच्या कारखान्यातली लॅबची नोकरी सोडून घरात बसून गेम खेळते आणि तो खेळ जगाला थेट दाखवते, हे तुला ठाऊकच आहे. (बघणारे अकरा हजार आहेत म्हणे. आमच्या ग्रामसभेला कोरम भरत नाही.) दोन वर्षांपूर्वी माझ्या पुतणीच्या, शालूच्या लग्नात कुणीतरी विचारलं, मुलगी काय करते. मी भर मांडवात म्हटलं, "काय करणार? खेळते!" लोक हसले, मीही हसलो. तेव्हापासून रूपल माझ्याशी भावनामार्फत बोलते. मी समोर पाटावर बसलेला असतो आणि ती आईला सांगते की त्यांना सांग, पान वाढलंय. आता झालंय असं की एकच कॉम्प्युटर गेमही चालवतो आणि स्ट्रीमिंगही करतो, त्यामुळे ऐन लढाईत चित्र अडकतं आणि अकरा हजार लोक एकदम चडफडतात. म्हणून तिला नुसत्या स्ट्रीमिंगसाठी दुसरा, वेगळा कॉम्प्युटर हवाय. पुण्यात तिच्या मैत्रिणीकडे तसा आहे, तेव्हा एक तारखेपासून ती तिकडेच राहायला जाणार, असं तिने भावनाला (म्हणजे मला) सांगितलं. मी हातातला घास खाली ठेवला आणि सरळ तिलाच म्हटलं, "कुठं जायचं नाय. तो कॉम्प्युटर मी उभा करतो. प्रोसेसर मी निवडतो." ती माझ्याकडे बघत म्हणाली, "बरं, बाबा." दोन वर्षांनी हे दोन शब्द कानावर पडले. त्या आनंदात प्रोसेसर म्हणजे काय, हे विचारायचंच राहिलं.

मग सल्ले सुरू झाले. शेजारचा आत्माराम म्हणाला, "सोला कोरचाच घ्या भाऊ, पोरीच्या हौसेला कमी नाय करायचा." कोर म्हणजे काय, असं विचारल्यावर म्हणाला, "ते तुमी बघा, आमी फक्त सांगतो." तुला विचारलं, तर प्रोसेसरांचा चौदा पानी तक्ता आला. (आभारी आहे. चौथ्या पानावर मला घाम फुटला.) शेवटी बोईसरला मेहुलच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो आणि सोळा कोर मागितले. तो म्हणाला, "अंकल, सिर्फ स्ट्रीमिंग के लिए? गेम तो दूसरी मशीन चलाएगी. छह कोर बहुत है. बस ग्राफिक्स अंदरवाला लेना, नंबर के पीछे एफ हो तो मत लेना." म्हणजे या कॉम्प्युटरने खेळायचं नाही, पलीकडून आलेलं चित्र बांधून रवाना करायचं. हे मला लगेच पटलं. चिकू झाडावर पिकवणारा वेगळा आणि पेटीत भरणारा वेगळा, तसंच हे. निळा डबा घेतला, सहा कोर, ग्राफिक्स आत. मुलीच्या कामातलं काहीतरी आयुष्यात पहिल्यांदा समजलं म्हणून इतका फुगलो, की मेहुलने "बोर्ड कौन सा है?" विचारल्यावर म्हणालो, "वो मैं देख लूँगा. चालीस साल से कलम बाँध रहा हूँ."

इथेच माती खाल्ली. चिकूचं कलम आपण खिरणीच्या खुंटावर बांधतो. झाडं दोन, जाती दोन, पण खिरणीचं मूळ दणकट, म्हणून मूळ तिचं घ्यायचं आणि फळ चिकूचं. मी म्हटलं, प्रोसेसर हे कलम आणि बोर्ड हा खुंट. मग दोन्ही एकाच कंपनीचे घेण्यात शहाणपण ते काय? म्हणून मुद्दाम पालघरला जाऊन दुसऱ्या कंपनीचा, लाल डब्यातला, हाताला सगळ्यात जड लागेल तो बोर्ड निवडला. दुकानदाराने काही विचारलं नाही आणि मी काही सांगितलं नाही.

रूपल बँकेत गेलेली बघून दोन्ही डबे उघडले. प्रोसेसर बसेना. चारही बाजूंनी फिरवून पाहिला, देवाचं नाव घेऊन पाहिला. कडेला जरासं तासावं म्हणून कलमाचा चाकू काढला, तर भावनाने तो हातातून ओढून घेतला आणि म्हणाली, "तो चिकूला लावा, याला नाय." मग तुझा तक्ता काढला. एका कंपनीचा प्रोसेसर दुसरीच्या बोर्डावर कधीच बसत नाही, हे तू पहिल्या पानावर, पहिल्या ओळीत, ठळक अक्षरात लिहिलं आहेस. (पहिलं पान मला प्रस्तावना वाटलं. मी दुसऱ्यापासून सुरुवात केली होती.)

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. रूपलला मी "सामान वाटेत आहे" असं सांगतोय आणि काहीबाही बोलून वेळ काढतोय. मेहुलकडे कोणत्या तोंडाने जाऊ? घिवलीपासून लोक मला कलमं बांधायला बोलावतात, त्यांना कळलं तर हसतील. हसू देत, मला त्याचं काही नाही. पण एक तारखेला आठ दिवस उरले आहेत, धर्मेश. इथे निदान भावना तरी मध्ये आहे. पुण्याला गेली तर भावना इथे आणि ती तिथे, मग माझ्याशी बोलणार कशी? मला ती घरात हवी आहे. गेम खेळत का होईना.

तुझा हताश भावोजी,
दिनानाथ

ता. क. : सोबतच्या पेटीत चिकूंच्या तिसऱ्या थराखाली, गवतात, प्रोसेसर ठेवला आहे. तिथल्या एखाद्या दुकानातून तो बदलून लाल कंपनीचा घे (ग्राफिक्स आतलं!) आणि ताबडतोब कुरियर कर. पत्र लिहिण्याचं कारण एवढंच.

ता. क. २ : पेटी बांधून कुरियरला द्यायला रूपललाच सांगितलं आहे. तिला वाटतंय, नुसते चिकू आहेत.

ता. क. ३ : मामा, हे अक्षर माझं, रूपलचं. चिकू नीट रचायला काढले आणि प्रोसेसर हातात आला, मग पत्रही वाचलं. पेटीत आता खरंच नुसते चिकू आहेत. बाबांनी प्रोसेसर अगदी बरोबर निवडलाय, मीही हाच घेतला असता. आईने मला त्याच दिवशी सगळं सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी लाल बोर्ड पालघरला देऊन निळा आणला, तो माझ्या पलंगाखाली आहे. पुण्याचंही रद्द केलंय. पण बाबांचा फोन आला तर दुकान बंद आहे म्हणून सांगा. दोन वर्षांत ते माझ्या खोलीत आले नव्हते. आता वेळ काढायला म्हणून रोज संध्याकाळी खुर्ची घेऊन येतात आणि एकेक विचारत बसतात. काल बिटरेट झाला, आज कॅप्चर कार्ड आहे. एक तारखेपर्यंत तरी दुकान उघडू नका.