आखाजीला न आलेल्या भावास

न्यू जर्सी, १४ मार्च १९९४

ती. नानांना लताचा नमस्कार. आम्ही सुखरूप आहोत. तुमचा गुडघा आता कसा आहे?

गेल्या गुरुवारी शपथ घेऊन मी इथली नागरिक झाले. भारताचा पासपोर्ट परत केला, दुसरा मार्ग नव्हता.

तुम्ही लिहिलंत, नागरिक झालेली बहीण भावाला बोलावू शकते, तर अर्ज कर. खरं आहे, बोलावू शकते.

जातीबाहेर लग्न केल्यावर धुळ्यात दर अक्षय तृतीयेला, आपल्या आखाजीला, मी पिशवी भरून दारात बसायचे. गल्लीतल्या साऱ्याजणींना भाऊ माहेरी न्यायला यायचे. शेजारची तानुबाई हसायची, "काय वो, तुना भाऊ वाट चुकना का?" तुम्ही वाट चुकला नव्हता.

भावाच्या अर्जाचा नंबर लागायला इथे दहा वर्षं लागतात. 'अर्ज केला' असं खोटं लिहून तुम्हांला तेवढी वर्षं वाट पाहायला लावावी, असं मनात आलं होतं. पण तेवढं खोटं माझ्याने होत नाही. म्हणून स्पष्ट लिहिते, अर्ज करणार नाही. यात न्याय किती आणि सूड किती, हेही तपासून पाहिलं. सूडच जास्त निघाला.

आईला मात्र मी इकडे आणते आहे. आईसाठी इतकं थांबावं लागत नाही. मामांकडच्या फोनवर ती म्हणाली, "मी येस बेटी. पन पितांबरले तूच सांग, माले धाक वाटस."

तर नाना, तुम्हांला सांगितलं. मुंबईच्या विमानतळापर्यंत तिला तुम्हीच पोहोचवायचं आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची धाकटी बहीण,
लता