चादरीचं दुसरं टोक

शुक्रवार, १९ मार्च १९९९
तीच जुनी कोठडी

लाडक्या ओला-मे,

दादाचा आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे? जिने चढू नकोस असं डॉक्टरने सांगितलंय आणि तरी तू दर रविवारी गायला चर्चच्या माळ्यावर चढतेस, हे कुणी न सांगताही मला कळतं. क्लीव्हची साखर आटोक्यात आहे ना? त्याला म्हणावं, रोज तळपाय बघत जा, बारीक जखमही बायकोपासून लपवू नकोस. डर्लीनचे दिवस भरत आले असतील. तिला अजून लोणच्याचं पाणी प्यावंसं वाटतं का? आपल्या आईला तसंच व्हायचं, तुझ्या वेळी. शेजारच्या गेन्सबाईंचा मोतीबिंदू काढला का? आणि तुझा तो लंगडा कुत्रा, पोस्टमनवर भुंकायची उमेद आहे ना अजून त्याच्यात?

मी ठीक आहे. दात दुखत होता तो आपणच पडला, त्यामुळे दाताच्या डॉक्टरची वाट बघायचं काम संपलं. जेवण मिळतं. पुस्तकं होती ती वाचून झाली, आता तीच शेवटाकडून वाचतोय.

माझा फोन आला नाही म्हणून तू रागावली असशील. फोन बंद आहे गं. महिना होत आला, आम्ही कोठडीबंद आहोत. आम्ही म्हणजे काळे आणि गोरे. मेक्सिकन पोरं रोज पटांगणात जातात, त्यांच्या चेंडूचा आवाज मला इथे ऐकू येतो. पटांगणात काही झालं की कुणी केलं ते इथे विचारत नाहीत, कातडी विचारतात. त्या कातडीचे सगळे आत. माझ्या शेजारच्या कोठडीतला पोरगा त्या दिवशी तापाने फणफणून पडला होता, तोही आत. दिवसातून दोनदा दारातल्या फटीतून कागदी पिशवी येते, पाव, मांसाची एक चकती आणि सफरचंद. सफरचंद माझ्याने चावत नाही, पण खिडकीत ठेवलं की वास छान येतो.

तुमच्याकडे बदामाच्या बागा फुलून गेल्या असतील.

लाँड्री बंद आहे. आमच्या चादरी आता बाहेर कुठेतरी धुऊन येतात, बोळा करून टाकलेल्या. मला ते बघवत नाही. माणसाला एकट्याने चादरीची धड घडी घालता येत नाही, ओला. दोघं लागतात. एकाने दोन कोपरे धरायचे, समोरच्याने दोन, मग ताणायची, झटकायची आणि चालत एकमेकांकडे यायचं.

माझ्यासमोर व्हर्न असायचा. व्हर्न ल्यूकिन. त्याच्याबद्दल मी तुला एकदा लिहिलं होतं आणि तू उत्तरात ते पानच गाळलंस, क्लीव्हच्या नव्या बुटांबद्दल लिहिलंस. मी समजलो. बाबा लुइझियानाच्या तुरुंगशेतीवरून घरी आले तेव्हा कसे चालायचे, ते तू विसरलेली नाहीस आणि मीही नाही. त्यांच्या पाठीत काठी घालणारा गोराच होता. तरी सांगतो, ऐक. सांगितल्याशिवाय मला झोप यायची नाही.

इथे सगळ्याचे वाटे आहेत. पटांगणातलं टेबल आमचं वेगळं, गोऱ्यांचं वेगळं, मेक्सिकनांचं वेगळं. नळ वेगळे, फोन वेगळे, न्हावीसुद्धा वेगळा. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे दुसऱ्या रंगाच्या हातचं खायचं नाही. खाल्लं तर शिक्षा आपल्याच रंगाचे लोक करतात. दुसऱ्या रंगाच्या माणसाने मध्ये पडायचं नाही. पडला तर दोन्हीकडची शंभर पोरं एकमेकांवर धावतात आणि मनोऱ्यावरून बंदुका सुरू होतात. हा नियम कुणी केला असं विचारलं तर कैदी म्हणतात सरकारने, पहिल्या दिवशी रंग विचारून कोठडी देतात ते कोण? आणि सरकार म्हणतं कैद्यांनी, आम्ही फक्त तुमचे जीव सांभाळतो.

कामाच्या जागी मात्र सूट असते, कारण काम कुणालातरी करायलाच हवं. म्हणून लाँड्रीच्या दाराच्या आत व्हर्न आणि मी मित्र, आणि दाराबाहेर अनोळखी. इतकी वर्षं हे चाललं. आत तो "कोपरे" म्हणून हाळी द्यायचा, मी माझे कोपरे धरायचो. इझेलचं त्याने झेल केलं होतं; मी गुणगुणायला लागलो की म्हणायचा, "झेल, तू गातोयस की मशीनचा पट्टा घासतोय?" मी म्हणायचो, "तुम्हा ओक्लाहोमावाल्यांना गाणं काय कळणार, तुमच्याकडे वारा शिट्टी वाजवतो तेवढंच संगीत." आपली आई आणि त्याची आई, दोघी याच खोऱ्यात एकेकाळी कापूस वेचायच्या, बहुधा एकाच शेतावर, वेगवेगळ्या टोकांना. मग भोंगा वाजला की तो पुढे निघायचा, मी शंभर पावलं मागून. बाहेर आम्ही एकमेकांकडे मानसुद्धा हलवली नाही कधी. त्याचं आम्हाला काही वाटेनासं झालं होतं. सवय ही फार वाईट गोष्ट आहे.

गेल्या उन्हाळ्यापासून तो विसरायला लागला. आधी साबणाचं माप, मग माझं आडनाव, मग स्वतःची आई गेली हे. मी त्याच्या वतीने डॉक्टरला अर्ज लिहिला. खूप खेटे घातल्यावर दुसऱ्या तुरुंगातला म्हाताऱ्यांचा वॉर्ड मंजूर झाला. तिथे एक खाट रिकामी व्हायची होती, बस्स. खाट मिळेपर्यंत त्याला सांभाळायचं, एवढंच माझं काम होतं.

आणि मग एक दिवस तो दार विसरला.

भोंगा झाला, तो बाहेर पडला आणि आतली गोष्ट तशीच सांगत सांगत माझ्या मागोमाग आला. आमच्या टेबलावर माझ्याशेजारी बसला आणि माझ्यासमोरचा मक्याचा पाव उचलून खाऊ लागला. ओला, सगळ्या पटांगणाच्या माना आमच्याकडे वळल्या. तो म्हणाला, "थोडा कोरडा झालाय, झेल. तुझी आई लोणी घालायची म्हणतोस ना?"

मी त्याला दंडाला धरून उठवूही शकत नव्हतो. काळ्याने गोऱ्याला हात लावला असं झालं असतं. मी म्हणालो, "ऊठ इथून. कोण तू?" तो हसला. त्याला वाटलं, मी गंमत करतोय.

आमच्या वतीने दुसऱ्या रंगांशी बोलणी करणारा माणूस हॉलिस. चाळिशीचा आहे, वाईट नाही. संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसला.

"काका, गोऱ्यांच्या ब्रॅडीशी बोललो मी. म्हातारा आहे म्हणून एकदा सोडलं म्हणतो. परत नाही."

"हॉलिस, त्याचं डोकं गेलंय रे. त्याला टेबल कळत नाही, काळा-गोरा कळत नाही."

"मला दिसतंय ते. पण उद्या त्यांनी म्हटलं की आम्हीच त्याला बोलावतो, तर कापली जातील ती माझी पोरं. तुमच्या एका म्हाताऱ्यासाठी मी किती पोरं देऊ, तुम्हीच सांगा."

त्याचंही खोटं नव्हतं.

मग सार्जंटकडे गेलो. टोपी हातात घेऊन गेलो, जाताना तोंडाला साखर लावून गेलो. म्हटलं, साहेब, त्याला माझ्या कोठडीत टाका, मी त्याला खाऊ घालीन, धुईन, पटांगणात सोडणारच नाही. तो म्हणाला, "टॉलिव्हर, तू इथे नवा आहेस का? काळा-गोरा एका कोठडीत मी कसा टाकू? त्याचे स्वतःचे लोक आहेत ना, त्यांना सांग बघायला." म्हटलं, "त्याचे लोकच तर त्याला मारणार आहेत." त्याने कागदातून डोकं वर काढलं नाही. "कोण मारणार, नावं दे." नावं दिली असती तर हे पत्र लिहायला मी उरलो नसतो. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना.

राहिली लाँड्री. तिथे मी त्याला शिकवायला बसलो, तान्ह्याला शिकवतात तसं.

"व्हर्न, या दाराबाहेर तू मला ओळखत नाहीस. म्हण."

"बाहेर मी तुला ओळखत नाही."

"शाबास. आता सांग, मी कोण?"

"झेल."

"आणि बाहेर?"

त्याने जरा विचार केला. मला म्हणाला, "बाहेर कोण दुसरा असतो का?"

मी वेगवेगळ्या वेळी निघून पाहिलं. दाराला लाल फडकं बांधलं, ते दिसलं की गप्प व्हायचं असं ठरवलं. त्याने ते सोडून धुवायला टाकलं. टेबलावर न बसता मी भिंतीशी उभा राहू लागलो, तर तो येऊन भिंतीशी उभा राहिला. नशीब, त्या दिवशी धुकं होतं.

आता जे सांगायचं ते सांगतो. इतका वेळ तुझ्या कुत्र्याची चौकशी करत बसलो ते यासाठीच.

त्या दिवशी ऊन होतं. मी टेबलावर होतो, मागे कोण आलं ते पावलांवरून कळलं मला. तो बसला. माझ्या पुढ्यातला पाव मी आधीच खिशात घातला होता. त्याने टेबलावर हात फिरवला, जसा आंधळा फिरवतो. हॉलिस उठला. मग त्याच्या शेजारचा उठला. एकेक करून सगळे उठले आणि आमच्या भिंतीकडे गेले. ओला, मीही उठलो. सगळ्यांत शेवटी, पण उठलो. राहिलो असतो तर त्याच्याबरोबर शंभर पोरांचा जीव गेला असता, असं मी रोज स्वतःला सांगतो. सांगणारा मी आणि ऐकणाराही मीच, त्यामुळे पटतही नाही.

एवढ्या मोठ्या टेबलावर तो एकटा बसला होता. त्याला बरंच वाटलं असावं, ऐसपैस. मला हाक मारत होता, "झेल, अरे ये ना, जागा आहे."

ब्रॅडी स्वतः आला नाही. त्याचे तिघे आले. मी भिंतीकडे तोंड केलं, आम्ही सगळ्यांनीच केलं, कारण बघणं म्हणजेसुद्धा मध्ये पडणं. आवाज मात्र कानांना बंद करता येत नाही. मग मनोऱ्यावरून गोळी उडाली, सगळे जमिनीवर पालथे. माझा गाल मातीला होता, तिथून मला टेबलाखाली त्याचा एक बूट दिसत होता. नाडी सुटलेली. सकाळी लाँड्रीत मी ती बांधायला विसरलो होतो.

त्याला गाडीत घालून नेलं. मला कुणी काही सांगत नाही. विचारलं तर म्हणतात, तू त्याचा कोण? एका शिपायाला थोडी माया आहे, तो एवढंच बोलला की तुमच्या फ्रेस्नोच्या सरकारी दवाखान्यात नेलं. आणि म्हणाला, म्हाताऱ्यांच्या वॉर्डातली खाट रद्द झाली, कारण आता त्याच्या कागदावर मारामारीचा शिक्का आहे. म्हणजे तो जगला तर इथेच परत येणार. याच पटांगणात. आणि आल्या दिवशी मला शोधत याच टेबलाकडे येणार. म्हणून मी प्रार्थनेला बसतो आणि काय मागावं ते मला कळत नाही. तो जगावा म्हणू, की जाऊ दे म्हणू? पहिल्यांदाच असं झालंय की मी हात जोडतो आणि गप्प बसतो.

आता माझी विनंती. महिन्याच्या पहिल्या रविवारी तुम्ही चर्चच्या बायका पांढरे कपडे घालून दवाखान्यात आजाऱ्यांना भेटायला जाता. त्या पांढऱ्या टोप्यांना कुठलाही शिपाई अडवत नाही, हे तूच सांगितलंयस. त्याच्या दाराशी शिपाई असेल, त्याचा पाय खाटेला साखळीने बांधलेला असेल. मार खाल्लेला गोरा म्हातारा, डाव्या हाताच्या करंगळीला नख नाही. मनापासून नाही तर नाही, माझ्यासाठी जा. बाबांची आठवण दारात ठेव आणि आत जा, निघताना परत उचलून घे. ती टाकून दे असं मी कधी म्हणणार नाही.

तो तुला ओळखणार नाही. मलाही ओळखील की नाही कोण जाणे. त्याच्याशी काही बोलू नकोस, माझं नावही घेऊ नकोस. त्याच्या पायाशी चादर असेल, तिचे दोन कोपरे धर आणि म्हण, "कोपरे." आणि थांब जरा. त्याला वेळ लागतो.

हे पत्र दारावर उघडून वाचतील, म्हणून हॉलिस आणि ब्रॅडी ही नावं मी मनची घातली आहेत. वाचणाऱ्यालाही माझा नमस्कार.

क्लीव्हला, डर्लीनला आशीर्वाद. बाळ झालं असेल तर त्याला माझ्यातर्फे जवळ घे.

पानभर लिहू नकोस, तुझा गुडघा, तुझी कामं, मला माहीत आहे. त्याने समोरचे दोन कोपरे उचलले का, एवढंच लिही. पण लवकर लिही.

तुझा दादा
इझेल