उजव्या पाइपाला डावं सिंक

ती. ताईंना,

भावजयीचा वाकून (डॉक्टरांनी जेवढी परवानगी दिलीय तेवढंच वाकून) नमस्कार. तुमचा गुडघा आता जिने चढू देतो का? तुमच्या यजमानांचं रक्तदाब मोजायचं यंत्र सगळ्या शेजाऱ्यांना लावून झालं का? आमच्याकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. खांद्यामुळे माझा उजवा हात अजून कानापर्यंतच जातो, त्याच्या वर म्हणाल तर नाव नाही. तुमच्या धाकट्या बंधूंची प्रकृती मात्र ठणठणीत आहे, आणि खरी अडचण तीच आहे.

तुम्हाला ठाऊकच आहे, आमचं जुनं सिंक दोन कप्प्यांचं होतं. एकातही मोठं पातेलं मावत नसे, म्हणून ते मी बत्तीस वर्षं न्हाणीघरात बसून घासलं. खांदा धरला तेव्हा डॉक्टरांनी यांना समोर बसवून सांगितलं, की सहा महिने बाईंनी भांड्यांना हात लावायचा नाही. आता कुठलाही शहाणा माणूस यातून काय अर्थ काढेल? तुमच्या बंधूंनी काढला तो असा, की सिंक बदललं पाहिजे. दुखणं माझ्या खांद्याचं आणि शस्त्रक्रिया ओट्यावर! भांडी कोण घासणार हा प्रश्न मी तीनदा विचारला. तिन्ही वेळा मला पत्र्याची जाडी सांगण्यात आली. तोवर मी डाव्या हाताने घासत होते आणि घासता घासता रडतही होते, हे तुम्हाला म्हणून लिहिते.

मग सुरू झाली दुकानं. ज्या माणसाने आयुष्यात चहाचा कप विसळला नाही तो माणूस दुकानात सिंकला टिचक्या मारून कान लावतो, बाटलीतलं पाणी ओतून ते कुठल्या बाजूला पळतं ते बघतो, आणि बाकीची गिऱ्हाईकं हा कोणी मोठा जाणकार असावा अशा समजुतीने मागे रांग लावून उभी राहतात. (मी स्टुलावर बसून होते. पिशवी माझ्याकडे, अर्थातच डाव्या खांद्यावर.) एकच कप्पा घ्यायचा हे ठरायला दोन दिवस लागले. निचऱ्याचं भोक कुठे असावं याला अकरा. भोक मधोमध असलं तर पातेलं नेमकं त्याच्यावर बसतं आणि पाणी तुंबतं. मागच्या कोपऱ्यात असलं तर भांडी बाजूला राहतात, आणि ओट्याखालच्या कपाटात पाइप मध्ये न आल्यामुळे कचऱ्याच्या डब्याला जागा होते. हे मला नाश्त्याला, जेवताना आणि फोनवर माझ्या बहिणीशी बोलत असताना मधेच सांगितलं गेलं. आणि ताई, चीड कशाची येते सांगू? ते बरोबर होतं.

आमचा भिंतीतला पाइप उजवीकडे, म्हणून भोकही मागच्या उजव्या कोपऱ्यात हवं. यांनी पंख्याच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला, ओट्यावर ठेवला, पट्टी लावून सिंकच्या मापाचा कापला आणि उजव्या कोपऱ्यात गोल भोक पाडलं. एवढं सुंदर काम झालं की तो पुठ्ठा दोन दिवस दिवाणखान्यात ठेवला होता. तिसऱ्या दिवशी तो काखेत मारून आम्ही दुकानात. तिथे यांच्या लक्षात आलं, की वरच्या बाजूला पंख्याचं रंगीत चित्र आहे. दुकानदारासमोर ते बरं दिसेना. झालं! पुठ्ठा उलटा केला आणि कोरी बाजू वर ठेवली. आता पुठ्ठा उलटला की उजवं भोक डावीकडे जातं, हे समजायला नकाशे काढावे लागत नाहीत. दुकानदार भला माणूस, त्याने दोनदा विचारलं, “साहेब, डावा कोपरा नक्की ना?” यावर उत्तर मिळालं, “मी छत्तीस वर्षं नकाशे काढलेत.” मी बोलले नाही. मला कोणी विचारलं होतं?

सिंक बसवलं, कडा भरल्या, सुकल्या, आणि मग प्लंबर पाइप जोडायला ओट्याखाली शिरला. बाहेर आला, भिंतीकडे बघितलं, सिंककडे बघितलं, यांच्याकडे बघितलं आणि माझ्याकडे चहा मागितला. आता पाइप कपाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवा गेलाय. कचऱ्याचा डबा दाराशी आलाय. उतार इतका थोडा, की सिंकमध्ये पाणी पाहुण्यासारखं बसून राहतं आणि प्रत्येक वेळी कोणाला तरी दहा मिनिटं उभं राहून ते हाताने भोकाकडे ढकलावं लागतं. यावर तुमच्या बंधूंचं म्हणणं असं, की हे मुद्दाम केलंय, पाणी सावकाश गेलं की पाइप टिकतो. तुमच्या घरात यांना लहानपणी कोणी कधी ‘तू चुकलास’ असं म्हटलं नव्हतं का? एकदा तरी म्हणायचं होतंत. ते सगळं माझ्यासाठी शिल्लक ठेवलंत.

रविवारी येताच आहात, तेव्हा डोळ्यांनी बघाल. यजमानांना नमस्कार.

तुमची,
भावजय

ता. क. बघा, पण तुम्ही एकट्याच बघा. तुमच्या यजमानांची सगळी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली, ते ओट्याखाली नुसते डोकावले तरी चूक सांगतील. त्यांना काही करून बाहेरच्या खोलीत अडकवा, रक्तदाबाचं यंत्र आणलंत तरी चालेल. कारण असं, की सिंक बरोबर आहे हे सिद्ध करायला गेले तीन आठवडे हे स्वतः दोन्ही वेळची भांडी घासतात. मोठं पातेलंसुद्धा. चूक कबूल झाली तर घासणं त्याच दिवशी थांबेल.

आणखी एक. परवा दुकानदाराचा फोन आला होता, प्लंबरकडून त्याला सगळं कळलं होतं. उजव्या कोपऱ्याचं सिंक आलंय, फुकट बदलून देतो म्हणाला. मी सांगितलं, आम्हाला डावंच हवं होतं, आमच्या ह्यांनी छत्तीस वर्षं नकाशे काढलेत.

आणि रविवारी मी कण्हले तर घाबरू नका. काल हे भांडी घासत असताना मी वरच्या फळीवरचा डबा उजव्या हाताने खाली काढला. ह्यांनी मागे वळून बघायच्या आत परत ठेवला.