बासरी तिन्ही रेकॉर्डवर आहे

ताई,

बाबांच्या लाडक्या गायिकेच्या साठच्या दशकातल्या अल्बमची तिसरी नवी आवृत्तीही ‘भिकार’ ठरली. पहिल्या गाण्यातली बासरी कंपनीने याही वेळी खाल्ली, असं बाबांचं म्हणणं. मी रेकॉर्ड काखोटीला मारून दुकानात भांडायला गेलो. दुकानदाराने तिन्ही आवृत्त्या लावून दाखवल्या. बासरी तिन्हींवर आहे, ताई. इतकी स्वच्छ, की वाजवणाऱ्याचा श्वासही ऐकू येतो. मी दुकानदाराची माफी मागितली. घरी येताना तिन्ही रेकॉर्डचीही मागितली.

बाबांना काही बोललेलो नाही. उद्या दहाला कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय, माझ्या नावाने. ‘मला भीती वाटते, सोबत चला,’ म्हटल्यावर लगेच तयार झाले. निम्मं खरंच होतं. तिथे ‘आलोच आहोत तर तुमचेही दाखवू’ हे तू म्हण. मी म्हटलं तर त्यांना विनोद वाटेल.

आज त्यांनी विचारलं, तर बासरी नाही असंच सांग. इतके दिवस कंपनीला शिव्या घातल्या, अजून एक दिवस घालू.

मी कामावर जातोय. बाहेर पडलीस तर किल्ली ने, बेलच्या भरवशावर राहू नकोस. तिचे सेल मी या महिन्यात तीनदा बदललेत. बेल ठणठणीत आहे.

— धाकटा