पाठमोरा वर्ग

ता. ३ मार्च

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

परवा तुला तुरुंगाच्या फाटकावरून परत का पाठवलं, ते कळवतो. जेलरसाहेबांनी मी बराकीत घेतो तो वर्ग बंद करायला सांगितलं होतं. मी केला नाही, म्हणून माझ्या भेटी बंद झाल्या. संपात भाषण केलं म्हणून मला इथं आणलं आणि वर बराकभर श्रोते फुकट दिले, तेही उठून न जाणारे. तुरुंगच नसले तर काय करायचं, यावर सध्या आमची चर्चा चालते. साहेबांच्या नोकरीचं काय होईल, या काळजीने आमचा पाकीटमार हळहळतो. बाबांना सांग, मी गलेलठ्ठ झालोय.

पत्र साहेब आधी वाचतात, तेव्हा थोडा लोभ ते ठेवून घेतील. उरेल तो तुझा.
धाकटा

ता. १२ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आशीर्वाद.

तुझ्या गलेलठ्ठपणावर बाबांचा विश्वास नाही. स्वतःची नजर गेल्यापासून ते रोज विचारतात, त्याला कुणी पाहिलंय का. बातमी अशी, की तुमच्या बराकीला नवं कुलूप बसवायचं काम आपल्याच दुकानाला मिळालंय, आणि मी ते घेतलंय. कारागीर येईल. तू जग बदलेपर्यंत दुकान चालायला हवं ना. आता तोंड फुगवून बस, ते तुला लहानपणापासून छान जमतं.

लोभ नसेल तर राग कळव, बाबांना तोही चालेल.
ताई

ता. २८ मार्च

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

अभिनंदन. भावाच्या दाराला सख्ख्या बहिणीचं कुलूप, हा मान सगळ्यांच्या नशिबी नसतो. काल तुझा कारागीर आला. खरखर सुरू होताच मी सगळ्यांना भिंतीकडे तोंड करून बसवलं, स्वतःही तसाच बसलो आणि वर्ग चालू ठेवला. तो दुपारपर्यंत कानस घासत होता. एकानेही मान वळवली नाही. त्याला सांग, बाबांनी हे काम तासाभरात उरकलं असतं.

लोभ तूर्त आखडता घेतलाय.
धाकटा

ता. ५ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आशीर्वाद.

तुझा निरोप कारागिराला पोचला. कारागीर मीच होते. अंगात बाबांचा जुना डगला, डोक्याला फडकं, नाकातोंडावर पट्टी, आणि शेजारी उभा शिपाई, कैद्यांशी बोललात तर बाहेर काढीन म्हणणारा. आधी कळवलं असतं तर साहेबांनी फाटकातच अडवलं असतं. साहेब, आता वाचून उपयोग नाही, कुलूप बसलं.

तासाभराचं काम मी मुद्दाम ओढलं. तू कधीतरी वळशील असं वाटत होतं. वर्ग मात्र झकास होता. दार बंद करणाराही माणूसच असतो, त्याच्याकडे नीट बघायला शिका, असं तू भिंतीला अगदी तळमळून सांगत होतास. मला हसू आलं आणि रडूही. सदऱ्यातून तुझ्या खांद्यांची हाडं वर आलेली दिसत होती.

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, कसा दिसतो. मी म्हटलं, गलेलठ्ठ.

आता तेवढा लोभ समोरून असू दे.
ताई